खुशालनं बूट काढले

पाण्याबद्दल खुशालला कोणी शिकवायला जाऊ नये. साठीला टेकलेला माणूस, सगळा जन्म धानाच्या बांध्यांत गेला. बांधीत पाय घातला की पाणी किती दिवस टिकेल ते तो सांगणार, आणि ते खरं होणार. असा माणूस फिनलंडला जाऊन पाण्यापुढे पार बावचळला, ही गोष्ट पुनर्वसनात आजही लोक चवीनं सांगतात. सांगू देत. त्या बावचळण्यानंच काम झालं, तेवढं मात्र कोणी सांगत नाही.

पुनर्वसन म्हणजे पवनी तालुक्यातली त्यांची नवी वस्ती. जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली आहे. ताराचंद हा खुशालचा त्या गावातला लंगोटीयार, शिकून इंजिनियर झाला आणि फिनलंडला गेला. धरणाची चर्चा जोरात असताना तो सुट्टीवर आला होता. चावडीवर लोकांनी विचारलं, तेव्हा त्यानं नकाशा पाहून छातीठोक सांगितलं की पाणी आपल्या गावापर्यंत येत नाही. शिकलेल्या पोराचा शब्द! लोकांनी घरांच्या छपरांवर नवे कवेलू चढवले, गावातल्या भय्याजीनं तर नवी विहीर बांधली. आणि पाणी आलं. कवेलू, विहीर, मारुतीचं देऊळ, सगळं त्यानं पोटात घातलं.

तेव्हापासून ताराचंद गावाकडे फिरकला नाही. बारा वर्षं झाली. आईला, सुमनबाईला, फोन रोज करायचा. तिकडे ये म्हणायचा. ती कसली जाते! चौऱ्याऐंशी वर्षांची म्हातारी, खुशालच्या शेजारी राहायची, आणि खुशालची बायको रुखमा तिचं सगळं करायची. माणसाला शरम असावी, पण आईनं काय घोडं मारलं होतं?

खुशालच्या साठीच्या निमित्तानं ताराचंदनं त्याला विमानाचं तिकीट पाठवलं. रुखमानं चिन्नोरचा तांदूळ आणि लाखोळीच्या डाळीच्या वड्या बांधून दिल्या, आणि एकट्यानं परत आलास तर दार उघडणार नाही, असा दमही दिला. सुमनबाईनं काहीच दिलं नाही. निघताना तिनं खुशालचा हात धरला.

"त्याले सांगजो, मी गेल्यावर येऊ नको म्हणा. यायचं असन तर आता ये."

एवढं ओझं घेऊन आमचा खुशाल मार्च महिन्यात तिकडे उतरला आणि तोंडात बोट घालून बसला. झाडांना पान नाही, जमिनीला रंग नाही, आभाळ आणि शेत एकच पांढरं. आणि काय ती शांतता! आपल्याच छातीची धडधड ऐकू येते म्हणाला. एक गोष्ट मात्र त्याला फार आवडली, तिथले लोक घरात शिरताना बूट दाराशी काढतात. माणसं आपल्यासारखीच आहेत की, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं.

पण सहा दिवस गेले तरी निरोप पोटातच. खुशालनं आईचं नाव काढलं की ताराचंद भाजीत मीठ पाहायला उठायचा. गावाचं नाव काढलं की बर्फ ओढायचं फावडं घेऊन बाहेर जायचा. परतीला दोन दिवस उरले.

सातव्या दिवशी ताराचंदनं त्याला तळ्यावर नेलं. तळं कसलं, समुद्रच म्हणा! या काठावरून तो काठ दिसेना. आणि त्या पाण्यावरून माणसं चालत होती. एक बाई ढकलगाडीत लेकरू घालून आरामात फिरत होती, लांबून एक मोटार पाण्यावरून पळत गेली. खुशालचे पाय काठावरच खिळले. जन्मभर ज्याला हात जोडले, ते पाणी असंही होतं?  डोळ्यांत पाणी आलं, ते थंडीनं नव्हे.

आणि मग त्यानं ते केलं. खाली बसला, बूट काढले, मोजे काढले, नीट जोडीनं काठावर ठेवले. जुन्या गावाच्या तलावात कोणी पायात काही घालून उतरत नसे. आधी चपला काठावर, मग वाकून पाणी कपाळाला, मग पाय. घरात बूट काढणारी माणसं देवाच्या पाण्यावर बूट घालून हिंडतात, हे काही त्याला पटलं नव्हतं. त्यानं चिमूटभर बर्फ कपाळाला लावला आणि अनवाणी चालू लागला.

ताराचंद मागे ओरडत धावला. खुशाल दहा-बारा पावलं गेला असेल. एक म्हातारा बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसला होता, तिथं तो थांबला आणि वाकून पाहू लागला. खाली काळं, हलतं पाणी होतं.

"तारा, याच्या खाली गाव आहे का गा?"

"नाही."

"बरं आहे. आपलं पाणी असं घट्ट झालं असतं, तर मी रोज तुया घरावर जाऊन उभा राह्यलो असतो."

 ताराचंदनं खुशालला धरून त्या म्हाताऱ्याच्या पेटीवर बसवलं, त्याचे लाल झालेले पाय उचलले आणि आपला कोट उघडून पोटाशी धरले. मग मात्र ताराचंदचा बांध फुटला. म्हणाला, मी सांगितलं म्हणून लोकांनी कवेलू चढवले. भय्याजीले काय तोंड दाखवू?

"भय्याजी त्याच पाण्यात डोंगा घालते," खुशाल म्हणाला. "तिथंच मासे धरते, त्याच पाण्याच्या पाया पडते. आमी पाण्यावर राग धरला नाही, तर तुयावर कायले धरू?" आणि दात वाजत असतानाच त्यानं सुमनबाईचा निरोप सांगितला.

खुशालच्या पायाची दोन नखं काळी पडून गळाली. रुखमानं दार उघडलं, पण तोंडाचा पट्टा आठवडाभर चालवला, कारण पठ्ठ्या एकटाच परतला होता. ताराचंदला रजा मे महिन्यात मिळाली.

मे महिन्यात धरणाचं पाणी उतरतं आणि मारुतीच्या देवळाचा कळस तेवढा वर येतो. भय्याजी डोंगा घेऊन काठाशी थांबला होता. सुमनबाईला खाट टाकून सावलीत बसवलं होतं. ताराचंद काठावर आला. कोणी काही सांगितलं नाही, त्यानं आपणहून बूट काढले, नीट जोडीनं ठेवले, वाकून ओंजळ कपाळाला लावली आणि घोट्याइतक्या पाण्यात तसाच उभा राहिला.

तिकडचं पाणी दगडासारखं असतं, हे खुशालनं म्हातारीला दहादा सांगितलं होतं. तिनं खाटेवरूनच विचारलं, "गरम आहे ना बाबू पाणी?"

 ताराचंदनं नुसती मान डोलावली.