स्वशिक्षा

कोणी काही विचारायला आलं की सर दोन्ही हात पाठीमागे बांधायचे. मग मान तिरकी करून म्हणायचे, "तुझं तू ठरव, बेटा." आग लागली तर पाणी ओतू का, असं विचारलं असतं तरी बहुधा हेच उत्तर मिळालं असतं. असा एखादा शिक्षक तुम्हीही पाहिला असेल. मला सुरुवातीला त्यांचा रागच यायचा.

पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत आमची लहानशी शाळा. नवऱ्याच्या रेल्वेतल्या बदलीमुळे मी साताऱ्याहून बनारसला आले आणि तिथं चित्रकला शिकवू लागले. सर गणिताचे, त्यांचं मराठी घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. शाळेत तासांची घंटा नव्हती. मुलं सकाळी आपापल्या वहीत दिवसाचं काम लिहीत आणि संध्याकाळी काय राहिलं ते लिहीत. न विचारता कोणाची वही उघडायची नाही, हा सरांचा नियम. ते स्वतःही अशी वही ठेवायचे. भिंतीवर त्यांनी मोठ्या अक्षरांत रंगवलं होतं : स्वशिक्षा.

मी पहिल्याच दिवशी हसले. म्हटलं, सर, आमच्याकडे याचा अर्थ स्वतःच स्वतःला शिक्षा करणं असा होईल. तेही मनापासून हसले.

"ताई, इथं हिंदीत वाचायचं. शिक्षा म्हणजे शिक्षण."

आणि मुलं खरंच शिकत होती, हे कबूल केलं पाहिजे. काच फुटली तर फोडणारा आपण होऊन सांगायला यायचा.

मग एक मुलगी दहावीला गणितात नापास झाली. आमच्यातलीच, मराठी घरातली, सगळ्यांत शहाणी. तिनं सरांपुढे वही उघडून ठेवली. पानापानावर 'गणित राहिलं' असं लिहिलेलं आणि शेवटी : 'चूक माझी. आता शाळा बंद.' तिची आई वर्षभर अंथरुणाला खिळली होती, सगळा स्वयंपाक हीच करत होती, हे आम्हाला तेव्हा कळलं.

"अगं, बोलली का नाहीस?" सरांनी विचारलं.

"जिम्मेदारी माझी होती ना, सर. मीच ठरवलं."

सरांचे हात पाठीमागून सुटले. पुन्हा परीक्षा देता येते, असं त्यांनी परोपरीनं समजावलं. ती शांतपणे नमस्कार करून निघून गेली. रडली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर सरांच्या तोंडी 'तुझं तू ठरव' हे वाक्य आलं नाही. आठवड्यानं सरच आले नाहीत. टेबलावर त्यांची वही होती. नियम मोडून मी ती उघडली. शेवटच्या पानावर लिहिलं होतं : 'वर्षभरात तिला एकदाही विचारलं नाही. चूक माझी. आता शाळा बंद.'

घरी गेले तर कुलूप. शेजारी म्हणाले, मुलाकडे नागपूरला गेले, परतायचं काही बोलले नाहीत. फोनही उचलत नाहीत. मला त्यांचा फार राग आला आणि त्यांच्यासाठी जीवही तुटला. त्या दोघांना कोणीतरी थांबवायला हवं होतं. मी तिथंच होते, पण मीही नियम पाळत बसले.

काल ती मुलगी शाळेच्या दारात उभी होती. आई आता हिंडूफिरू लागली आहे, हिला पुन्हा परीक्षेला बसायचं आहे.

"सर कुठे आहेत? मला त्यांना विचारायचं होतं."

भिंतीवरची अक्षरं अजून तशीच आहेत. मला ती आता मराठीतच वाचता येतात. गणित तर मला मुळीच येत नाही. तरी मी हात पुढे केला आणि तिची वही मागितली.