जिन्यांच्या फायली

मिस्त्रींच्या कारखान्यात जिन्यांचे नकाशे काढण्यात ताईंची उमर गेली. निवृत्त होताना जुना कॉम्प्युटर त्यांनाच मिळाला. दुपारी घर सामसूम झालं, की त्या एखादी फाइल उघडत. कठडा, वळण, आणि कडेला मिस्त्रींचा शेरा: 'ताई, इथे म्हातारी माणसं चढणार, पायरी बुटकी ठेवा.' मिस्त्री जाऊन वर्षं लोटली. शेरे मात्र आत्ता लिहिल्यासारखे. मन भरेतो बघायचं, सवयीने सेव्ह दाबायचं आणि चहा टाकायला उठायचं.

त्या सवयीनेच घात केला. पायऱ्या ठरल्यापेक्षा बुटक्या केल्या, जिन्याने जागा खाल्ली, असा एका बिल्डरने दावा लावला. हरलं, तर मिस्त्रींच्या मुलाला कारखाना विकावा लागणार. दोन्ही बाजूंनी आपापल्या फायली आणि मेल एकमेकांना दाखवावेत, असा कोर्टाचा हुकूम निघाला. त्या जिन्याच्या ताईंकडच्या फाइलवर शेवटच्या बदलाची तारीख होती दाव्यानंतरची.

"मापं मागाहून घुसडली, म्हणतायत ते," कारखान्याच्या वकीलबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या. "फाइल उघडलीतच कशाला?"

शेजारी बसलेली धाकटी बहीण म्हणाली, "अहो, लोक लग्नाचा अल्बम बघतात, ही जिने बघते!"

"तू गप गं."

"प्रतिज्ञापत्रात लिहू, देखभालीसाठी उघडली," वकीलबाई म्हणाल्या.

"खोटं नको. मिस्त्रींची आठवण आली, म्हणून उघडली. तसंच लिहा."

"कोर्टात हसतील, ताई."

"हसू देत."

वकीलबाईंनी तसंच लिहिलं, आणि बिल्डरचे त्या वेळचे मेल मागवले. कारखान्याने मंजुरीसाठी पाठवलेला नकाशा त्यांत जसाच्या तसा सापडला. ताईंच्या फाइलशी मापं तंतोतंत जुळली.

"सुटलो! दावा फेटाळला," निकालानंतर त्यांनी फोनवर सांगितलं.

"मग कोर्टात जमा केलेला माझा कॉम्प्युटर?"

"तो पुरावा आहे. अपिलाचं मिटेपर्यंत सीलबंदच राहणार."

दुपार खायला उठली. चौथ्या दिवशी ताई रिक्षा करून बिल्डरच्या त्या इमारतीत गेल्या. इतकी वर्षं नकाशातच पाहिलेला जिना त्या पहिल्यांदाच चढत होत्या. वळणावर कठड्याला धरून थांबल्या.

"कोणाकडे जायचंय, मावशी?" वॉचमनने खालून विचारलं.

"कोणाकडेच नाही रे. जरा बसू का इथे?"