अण्णांचा एक जून

एप्रिलमधली गोष्ट. सिडकोतल्या एका हॉस्पिटलच्या काउंटरवर आमच्या अण्णांनी माझी पार पंचाईत केली...

अण्णा म्हणजे माझे वडील. वाळूजच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर त्यांची सगळी नोकरी गेली. रोज सकाळी मुकुंदवाडी स्टेशनपर्यंत पायी जाऊन यायचा त्यांचा नेम. पण या हिवाळ्यापासून अर्ध्या रस्त्यात छातीवर हात ठेवून थांबायला लागले. तपासण्यांमध्ये दोन ब्लॉकेज निघाले. डॉक्टर म्हणाले, अँजिओप्लास्टी लवकर करून घ्या.

अण्णांनी साफ नकार दिला. गोळ्यांवर भागवू म्हणाले... कारण मला ठाऊक होतं. रिटायर झाल्यावर कंपनीचा विमा संपला, आणि वय-बीपी बघून बाकीच्या विमावाल्यांनी हात जोडले. सरकारी योजनेत बसण्याइतके आम्ही गरीब नव्हतो आणि खिशातून करण्याइतके श्रीमंतही नाही. रोज सकाळी ते परत दिसेपर्यंत मी गॅलरीत उभी राहायचे.

मग कळलं, आता सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना आयुष्मान कार्ड मिळतं. उत्पन्न विचारत नाहीत, आधारवरचं वय बघतात. आधारवर अण्णा सत्तर पूर्ण! कसंबसं पटवून त्यांना त्या हॉस्पिटलात घेऊन गेले...

आणि काउंटरवरच्या मुलीनं अंगठा लावायला सांगितलं, तर अण्णांनी हात मागे घेतला. "थांबा ताई. माझं खरं वय अडुसष्टच हाय. खोटं बोलून मला काय बी नको."

आता ही भानगड सांगायलाच हवी. अण्णांच्या गावात शाळेत नाव घालताना गुरुजी डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान पकडायला लावायचे. कान हाताला लागला की वय सहा पूर्ण, जन्मतारीख एक जून. आमचे अण्णा लहानपणापासून नुसते हातच हात... चौथ्या वर्षीच कानाला पोचले!

त्याच तारखेनं कंपनीनं त्यांना दोन वर्षं आधी रिटायर केलं. तेव्हापासून एक जूनला कुणी 'हॅपी बर्थडे' म्हटलं की त्यांचं डोकं फिरायचं. "तो गुरुजींचा वाढदिवस हाय, माझा नाय!"

काउंटरवरची आरोग्यमित्र मुलगी शांतपणे हे सगळं ऐकत होती. मागे ही रांग. मला अण्णांचा राग येत होता, आणि खरं सांगते, भीतीनं रडूही येत होतं. आता हे उठून घरी निघतील, असंच वाटलं.

ती म्हणाली, "आजोबा, कायद्यानं हीच तारीख तुमची. कंपनीनं घरी पाठवलं तेव्हा ती खरी होती का खोटी?"

"खरीच धरली की त्यांनी..."

"मग आज बी खरीच. तवा गेलेली दोन वर्षं आता वापस घ्या."

अण्णा तिच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी अंगठा लावला.

दोन दिवसांत कार्ड, मंजुरी, अँजिओप्लास्टी... सगळं झालं. आम्हाला एक रुपया भरावा लागला नाही. त्या मुलीचं मला फार कौतुक वाटतं. आणि नियमात 'सगळ्यांना' हा शब्द ज्यांनी कुणी घातला, त्यांचंही. त्या एका शब्दात आमच्यासारखी मधली माणसं मावली.

परवा एक जून होता. अण्णा कुठंही न थांबता स्टेशनपर्यंत जाऊन आले. हातात जिलेबीचा पुडा. "आज माझा वाढदिवस हाय ना?" मी गॅलरीतच रडले...

डॉक्टरांच्या धाकानं त्यांना अर्धीच जिलेबी दिली. ती खाल्ली, हात धुतला, आणि तोच लांब हात डोक्यावरून नेऊन त्यांनी पलीकडचा कान पकडून दाखवला. म्हणाले, "बघ, अजून पोचतो."