उघडून न वाचलेले आभार

"हल्लू वाच गं, ते कुठं पळून चाललंय?" असं म्हणत काकू संगणकाच्या पडद्यावर बोट टेकवायच्या. बोटाचा ठसा उमटायचा आणि मी चिडून तो पुसायचे. असं माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. कामाला संथ, पण त्याच्या कामात चूक शोधून दाखवा.

हिमायतनगरच्या आमच्या लहानशा संस्थेतलं काम जरा विचित्र होतं. अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणारे स्वयंसेवक एका ऑनलाइन गटात एकमेकांचे आभार मानत. त्यांचे निरोप वाचून आम्ही प्रत्येक निरोपाला कोड, म्हणजे त्याचा प्रकार, द्यायचो: साधे आभार, कौतुक किंवा आधार. तेच निरोप मी आणि काकू वेगवेगळ्या वाचायचो आणि दर शुक्रवारी आमच्या कामावर देखरेख करणारे सर आमचे कोड जुळवून बघायचे. मी पुण्याहून आलेली, स्वतःला हुशार समजणारी. काकू इथल्याच नल्लकुंट्याच्या, शाळेतून रिटायर झालेल्या. या वयात कंप्युटर कशाला, असं घरचे रोज म्हणत. ही नोकरी हेच काकूंचं त्यांना उत्तर होतं.

यादीत निरोपाची पहिली ओळ तेवढी दिसे. पुढचं वाचायला तो उघडावा लागे. काकू एकूण एक निरोप उघडत. मी वरची ओळ बघून कोड ठोकून द्यायचे. 'थँक्यू ताई, माझा धडा वाचलात.' साधे आभार, चला पुढे. एकदा चहाच्या वेळी काकूंनी तोच निरोप मला वाचून दाखवला. खाली लिहिलं होतं, 'नवरा दवाखान्यात होता, हे तुम्ही गटात कुणाला कळू दिलं नाहीत.'

"मनातलं लोक खालीच लिहायलेत," काकू म्हणाल्या. मी मान डोलावली आणि माझा कोड तसाच ठेवला. सगळे परत कोण उघडत बसणार?

आमचे कोड जुळेनात. सरांनी दोघींना बोलावलं. "एकीचं चुकतंय," ते म्हणाले. काकू म्हणाल्या, "सर, निरोप उघडून बघा की." सरांना वेळ नव्हता. त्या माणसानं एक निरोप उघडला असता तरी पुरलं असतं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला मात्र त्याला वेळ होता.

काकू माझ्याकडे वळल्या. "तू उघडून वाचलेस ना गं सगळे?"

"हो," मी म्हणाले.

"मग मीच भलतं वाचायले असेन."

त्यांनी त्याच दिवशी काम सोडलं. मला त्यांचाही संताप येतो. माझ्यासारखीवर इतका विश्वास ठेवायचा कशाला? त्यांनी भांडायचं होतं, माझा संगणक तपासा म्हणायचं होतं. आणि माझ्या त्या 'हो'बद्दल तर स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

आठवड्यानं मी खरं सांगायला नल्लकुंट्याला गेले. दार मुलानं उघडलं. "बरं झालं आईनं सोडलं. आम्ही कधीचे सांगायलो होतो," तो म्हणाला. काकूंनी चहा आणला, मुलगा आत जाईपर्यंत थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "डोळे दाखवून आले. डॉक्टर म्हणाले, नंबर तोच आहे. म्हणजे गडबड डोक्यातच आहे गं. घरात सांगितलं नाही मी."

मी चहा संपवला, "येते" म्हणाले आणि निघाले.