हेल्मेटमधला वारा आणि अकोल्याची सोयरीक

माझ्या हेल्मेटमुळे माझ्या भाचीची एक सोयरीक मोडली, हे आमच्या घरात सगळ्यांनी मान्य केलेलं सत्य आहे. मलाही ते मान्य आहे. फक्त माझी बाजू आजवर कोणी विचारली नाही, म्हणून ती मीच मांडतो.

मला कार लागते. बंद काचा, आतली गार हवा आणि समोर चिकटवलेल्या अत्तराच्या डबीचा वास एवढं एकत्र आलं, की अमरावती सोडून बडनेरा यायच्या आत माझा चेहरा पालकाच्या भाजीसारखा होतो. एसटीत तीच गत. रेल्वे आहे, नाही कशाला म्हणू? पण रेल्वेनं गेलेला मामा शेवटी ऑटोतून उतरतो, आधी एक पाय, मग पिशवी, मग दुसरा पाय. मोटारसायकलवरचा मामा फाटकापाशी गाडी स्टँडवर लावतो, हेल्मेट काढतो, उरलेल्या केसांवरून हात फिरवतो, आणि तोवर घरातली माणसं खिडकीत आलेली असतात. ज्यानं तरुणपणी एकांकिकांमधून कामं केली आहेत, त्याला एन्ट्रीचं महत्त्व शिकवावं लागत नाही.

तर मागच्या हिवाळ्यात भाचीसाठी अकोल्याचं एक स्थळ आलं होतं. मुलाकडचे मुलगी पाहून गेले, पसंती कळवली, आणि मग आपल्याकडच्या रीतीनं आम्ही त्यांचं घर पाहायला गेलो. ताई, भाऊजी आणि भाची कारनं. मी मोटारसायकलवर.

त्या वेळचं माझं हेल्मेट मापानं मोठं होतं. दुकानदारानं मधलं माप काढून दिलं होतं, पण माझ्या डोक्याला कोणी मधलं म्हणावं हे मला सहन झालं नाही. त्या मोठ्या हेल्मेटात हनुवटीखालून वारा शिरायचा आणि अमरावतीपासून अकोल्यापर्यंत दोन्ही कानांशी पिठाची गिरणी चालायची. अकोल्याला उतरलं की गिरणी बंद होते, पण हे कानांना कोणी सांगत नाही. आपलाच आवाज आपल्याला शेजारच्या गल्लीतून आल्यासारखा वाटतो. मग माणूस तो जवळ आणायला जातो.

मी दारात उभा राहून अतिशय गोड आवाजात "नमस्कार" म्हणालो होतो. म्हणजे मला तसं वाटलं. ताई म्हणते, गच्चीवरची कबुतरं उडाली. मुलाच्या वडिलांना मी आपुलकीनं विचारलं, "मुलगा काय करतो?" तर त्यांच्या हातातला चमचा बशीत पडला. पोह्यांचं कौतुक करावं म्हणून मी "पोहे कोणी केले?" असं विचारलं, आणि आतून एक बारीक आवाज आला, "सॉरी."

आठवडाभरानं निरोप आला. मुलगी छान आहे, घर छान आहे, पण मामा तापट दिसतात.

"तू तिथं पोहे खाऊन राह्यला होता का भांडून राह्यला होता?" ताईनं मला विचारलं. ती माझ्यापेक्षा मोठी आहे आणि तिला हा प्रश्न विचारायला हेल्मेटची गरज पडली नाही.

संध्याकाळी भाची माझ्याकडे आली आणि तिनं गुपचूप माझ्या तोंडात पेढा कोंबला. "मामा, लय बरं झालं. तो पोरगा मले बिलकुल आवडला नव्हता. नाही कसं म्हणू, याचाच विचार करून राह्यली होती मी." त्या दिवशी मी स्वतःला माफ केलं.

या हिवाळ्यात दुसरं स्थळ आलं. पुन्हा अकोल्याचंच. मुलगा गुरांचा डॉक्टर. भाची इथल्या एका दवाखान्याच्या मेडिकलमध्ये काम करते. दोघांची अमरावतीत भेट झाली, आणि चहा संपून कप वाळले तरी ती संपली नाही. आता घर पाहायला जायचं होतं. आदल्या रविवारी भाची माझ्या घरी आली. बसली नाही. खुंटीवरचं हेल्मेट काढून त्याची काच उगाच वरखाली करत राहिली.

"मामा, हा पोरगा मले पटला आहे."

"मग?"

"मग काई नाही. तुमी मोटारसायकलनंच येणार ना?"

"अर्थात."

"मग आधी याचं काहीतरी करू."

तिच्या पाठोपाठ ताईचा फोन आला. "आवाज घेऊन येणार असशीन तर येऊ नको. अन् न येऊनही चालणार नाही. मामा काहून आले नाहीत म्हून विचारतीन ते." एवढं बोलून तिनं फोन ठेवला. म्हणजे यायचं, पण आवाज घरी ठेवून यायचं.

भाचीनं हेल्मेट माझ्या डोक्यावर घातलं आणि दोन्ही हातांनी हलवलं. माझं डोकं जागेवर राहिलं आणि हेल्मेट बाजारात जाऊन आलं. "मामा, यात तुमच्यासोबत अजून एक भाडेकरू राहू शकते," ती म्हणाली. माझी बायको स्वयंपाकघरातून इतकी हसली की कुकरची शिट्टी ऐकू आली नाही.

मी हेल्मेट घेऊन सीट कव्हरवाल्या चाचांकडे गेलो. माझ्या पहिल्या स्कूटरपासून माझ्या सगळ्या गाड्यांच्या सीटा त्यांनीच शिवल्या आहेत आणि एकांकिकेच्या दिवसांपासून ते मला हिरो म्हणतात. त्यांनी गालांच्या गाद्यांमध्ये जाड फोम भरला, तो ठीकच. पण मग त्यांना स्फूर्ती आली. हेल्मेटच्या खालच्या काठाला त्यांनी काळ्या रेक्झिनचा एक घागरा शिवला, मानेभोवती गच्च बसणारा. "अब हवा का बाप भी अंदर नहीं आएगा, हिरो."

चाचणीची पद्धत बायकोनं ठरवली. ती मागे बसणार. बडनेऱ्याच्या पुढे हायवेवर एक चहाची टपरी आहे, तिथपर्यंत जायचं. मी उतरून "दोन चहा द्या" म्हणायचं आणि तिनं निकाल द्यायचा. फोम भरण्याआधी एकदा जुन्या अवस्थेत परीक्षा झालीच होती. तेव्हा माझ्या दोन चहांवर टपरीतल्या सगळ्यांनी माना वळवल्या होत्या आणि बाकाखालचं कुत्रं उठून रस्त्यापलीकडे गेलं होतं.

घागऱ्याच्या हेल्मेटात मात्र चमत्कार झाला. गाडी सुटली आणि आत नाटक सुरू व्हायच्या आधीची शांतता. मला माझा श्वास ऐकू येत होता. पण तो श्वास जाणार कुठे? खालची वाट चाचांनी शिवून टाकलेली, वरची हवेची छिद्रं मीच आवाजाच्या भीतीनं चिकटपट्टीनं बंद केलेली. थंडीची सकाळ. पाहता पाहता काच पांढरी झाली. गाडी अगदी हळू घेत मी अंदाजानं टपरीपाशी थांबलो, उतरलो आणि मलमलीसारख्या आवाजात म्हणालो, "दोन चहा द्या."

"काका," समोरून उत्तर आलं, "हवा आहे, चहा नाही."

ते पंक्चरचं दुकान होतं. टपरी केव्हाच मागे पडली होती. बायको गाडीला टेकून उभी होती आणि पदर तोंडाला लावून हुंदके देत होती. हसण्याचे.

तेव्हा मला या प्रकरणातली खरी गोम कळली. दार लावलं की श्वास कोंडतो, उघडलं की वारा ओरडतो. काच बोटभर वर केली तर धुकं पळायचं, पण त्या फटीतून अशी शीळ वाजायची की शेतातली माणसं वर पाहायची. शांत जायचं तर आंधळं, आणि डोळस जायचं तर बहिरं. आणि माझ्या भाचीचं सुख त्या बोटभर फटीत अडकलेलं.

"काचेले आतून भांड्याचं लिक्विड लावा," भाचीनं फोनवर सांगितलं. "एकच थेंब. वाफेचे बारके थेंब जमत नाहीत मग, पातळ थर होते अन् आरपार दिसते."

आता एक थेंब म्हणजे काय! भाचीच्या लग्नात मामानं हात आखडता घ्यायचा? मी चमचाभर लावलं. काचेवर धुकं आलं नाही, हे खरं. फेस आला. तो वितळून डोळ्यांत उतरला, आणि मी धारा गाळत गाडी बाजूला घेतली. तिथून टपरीपर्यंत गाडी ढकलत नेली.

"अवो, रडून काहून राह्यले?" बायकोनं विचारलं.

मी डोळे पुसत पुसत कसाबसा दोन चहा म्हणालो. टपरीवाल्यानं चहा दिला, वर दोन बिस्किटं दिली, पैसे घेतले नाहीत आणि बायकोला हळूच विचारलं, "घरचं कोणी गेलं काय, वहिनी?"

शेवटी भाची स्वतः येऊन बसली. आधी घागरा उसवला. त्याच्या जागी गळ्याभोवती दुपट्टा, सैल पण खालची फट झाकेल असा. वरच्या छिद्रांवरची चिकटपट्टी काढली. हनुवटीपाशी असलेल्या हवेच्या छिद्राचं झाकण उघडलं. नाकाशी एक रबरी पट्टी बसवली, म्हणजे श्वास काचेवर न जाता खाली जाईल. तिच्या मेडिकलमधून कानात घालायचे फोमचे मऊ बोळे आले. त्यांनी वाऱ्याची घरघर दबते आणि हॉर्न ऐकू येतो. आणि काचेला तो एकच थेंब, ओल्या फडक्यावर घेऊन, मग कोरड्या फडक्यानं इतका पुसलेला, की तिथे काही लावलं आहे याचा पत्ता लागू नये.

परीक्षा झाली. "दोन चहा द्या," मी म्हणालो. टपरीवाल्याला ऐकूच गेलं नाही.

"पास," बायको म्हणाली. "पण आता जराक मोठ्यानं बोला, चहा पायजे ना मले."

ठरल्या दिवशी मी सकाळी निघालो. काटेपूर्णेच्या पुलावर धुकं इतकं दाट होतं की ट्रक नुसते दिव्यांवरून ओळखायचे, पण माझ्या काचेच्या आतलं आभाळ स्वच्छ. पुलापलीकडे ऊन पडलं. हरभऱ्यावरचं दव दिसलं, तुरीच्या शेंगा दिसल्या. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला माझ्या मोटारसायकलचा आवाज कळला. चांगला आहे हो तिचा आवाज, समजूतदार. एवढी वर्षं ती बोलत होती आणि मी गिरणी ऐकत होतो.

फाटकापाशी एन्ट्री घेतली. बोळे काढले, केसांवरून हात फिरवला आणि दारात म्हणालो, "नमस्कार."

ताईनं डोळे मिटून घेतले होते. काही उडालं नाही हे पाहून एक उघडला. मी खुर्चीच्या काठावर बसलो. विचारलं तेवढं बोललो, तेही इतक्या मधाळ सुरात, की थोड्या वेळानं मुलाचे वडील भाऊजींकडे झुकून म्हणाले, "मामांची तब्येत बरी नाही काय?" भाचीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी सूर थोडा चढवला. पोहे आले. डॉक्टर जावई, म्हणजे अजून न झालेला, भाचीला गाईच्या पोटात सापडलेल्या मंगळसूत्राची गोष्ट सांगत होता. सगळं छान चाललं होतं.

तेवढ्यात बाहेर एक मोटारसायकल थांबली.

"रामराम!"

बश्यांमध्ये कप नाचले. दारात मुलाचा मामा उभा होता. धारणीहून, जंगलातल्या रस्त्यानं, अकोटमार्गे थेट आलेला. "रस्ता हाय का काय हाय तो! पोरगी कोणती?"

खोलीत टाचणी पडली असती तर त्यांना सोडून सगळ्यांना ऐकू आली असती. मुलाची आई उठून उभी राहिली. "नाही, म्हणजे भाऊ स्वभावानं तसे नाहीत..." तिचा चेहरा पाहिला आणि मला ओळख पटली. हाच चेहरा मागच्या वर्षी ताईचा होता. आणि भाऊजींचा चेहरा पाहिला तर त्यावर ते जुनं वाक्य लिहिलेलं होतं: मामा तापट दिसतात. डॉक्टर जमिनीकडे पाहत होता. भाची माझ्याकडे.

मी पाहुण्यांना नीट न्याहाळलं. कपाळावर गादीचा लाल वळ, डोळ्यांत पाणी, हातातल्या हेल्मेटची काच पांढरी आणि ती बंद होऊ नये म्हणून फटीत खोचलेली आगकाडी. माझा भाऊच उभा होता तो.

मी उठलो आणि छातीतून, मागच्या वर्षीचा सगळा आवाज काढून विचारलं, "काच उघडी ठेवून आले ना?"

"मग काय करू!" ते गरजले. "बंद केली की दिसतच नाही!"

"अन् गळ्यापासून वारा शिरते?"

"पार मेंदूत शिरते!"

"माप मोठं घेतलं?"

"दुकानदार मले बारकं देऊन राह्यला होता!"

भाऊजींनी हातातली बशी खाली ठेवली. आणि मग भाची हसली. आधी तोंडावर हात ठेवून, मग हात काढून. डॉक्टरनं वर पाहिलं, तोही हसायला लागला. आणि आमची ताई, जिनं वर्षभर मला या पापाची माफी दिली नव्हती, ती मुलाच्या आईचा हात धरून म्हणाली, "बसा हो तुमी. काई रागीट नाहीत ते. वाऱ्यानं कान बसते. जरा वेळानं उतरते. आमच्याकडं पण हाये एक."

चहा झाल्यावर आम्ही दोघं मामा अंगणात आलो. त्यांचे कान तोवर सुटले होते आणि त्यांचा खरा आवाज निघाला तो बासरीसारखा बारीक. मी त्यांची आगकाडी काढून टाकली, माझा दुपट्टा त्यांच्या गळ्याभोवती सैल बांधून दाखवला. ते माझ्या नाकाची रबरी पट्टी उलटसुलट करून पाहत होते. मी काचेबद्दल सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून भाची बाहेर आली. एका हातात भांड्याच्या लिक्विडची बाटली, दुसऱ्या हातात ओलं फडकं. मागून मुलाची आई, "अवं, मी देतो ना काढून, तू बस," म्हणत येत होती, आणि तिच्या मागून डॉक्टर कोरडं फडकं घेऊन.

"एकच थेंब हां, मामा," भाची म्हणाली. "जास्त लावलं की रडू येते."

"माहीत आहे मले," मी म्हणालो.

पण ती माझ्याशी बोलतच नव्हती. धारणीच्या मामांनी हात पुढे केला होता, आणि ती त्यांच्या हातावर बाटली वाकडी करत होती.