स्थिर टेबलावरचे उंदीर

कंप सरांना थरथरणारी वस्तू दिसली की ते आधी तिच्यावर तळहात ठेवत, डोळे मिटत आणि समाधानाने मान हलवत. एसटीची खिडकी, पिठाची गिरणी, प्राचार्यांच्या केबिनमधला खडखडणारा कूलर, काहीही चाले. नव्वदच्या दशकात सांगलीच्या कॉलेजात मी त्यांच्या हाताखाली प्राणिशास्त्र शिकवत होतो. त्यांचं खरं आडनाव तेव्हाच फक्त पगारपत्रकापुरतं उरलं होतं.

कोरेगावला त्यांचा धाकटा भाऊ ट्रॅक्टर चालवायचा. ऐन चाळिशीत त्याची कंबर गेली. सततच्या हादऱ्यांनी हाडं कमकुवत होतात का, हे शोधायचं सरांनी ठरवलं आणि त्यावरच पीएच.डी.ला नाव नोंदवलं. जुनी मोटर लावून एक हलतं टेबल केलं. निम्मे उंदीर त्यावर. उरलेले तुलनेसाठी शेजारच्या स्थिर टेबलावर. भाऊ एकदा पिंजरे बघायला आला.

"आवं दादा, उंदरं हलवून माझी कंबर बरी हुतीया व्हय?"

"तुझी नाही. तुझ्या पोराची वाचेल."

निष्कर्ष निघाला : दोन्हीकडची हाडं सारखीच. हादऱ्यांनी काही बिघडत नाही! मार्गदर्शक खूश झाले. प्रबंध बांधायला जाणार, त्याच दुपारी भिंतीपलीकडची हळदीची गिरणी रोजच्यासारखी सुरू झाली आणि सरांनी सहज स्थिर टेबलावर तळहात टेकवला. साऱ्या गावाला हात लावत फिरलेल्या माणसाने तिथे कधी लावला नव्हता. सरांनी मार्गदर्शकांना तिथेच बोलावून घेतलं.

"अहो, हेही हलतंय. आपण हलणाऱ्यांची तुलना हलणाऱ्यांशीच केली."

"कुणाला कळणार आहे?" मार्गदर्शक म्हणाले.

"मला कळलंय ना."

प्रबंध त्यांनी मागे घेतला. नवे उंदीर कोरेगावला, भावाच्या गोठ्यामागच्या खोलीत गेले. दाणापाणी भाऊच बघायचा. सर दर शनिवारी रेल्वेने जायचे. या वेळी हलणाऱ्या उंदरांची हाडं खरोखरच ठिसूळ निघाली. सरांनी आनंदाने भावाला पेढा भरवला.

"माझी हाडं खिळखिळी झाली म्हून पेढं?" भावाने विचारलं.

सर ओशाळले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी पुतण्याच्या ट्रॅक्टरच्या सीटखाली जाड स्प्रिंगा बसवून घेतल्या. त्यांच्या संशोधनाचा झालेला उपयोग तेवढाच, कारण पीएच.डी.ची मुदत तोवर टळून गेली होती.

निवृत्तीच्या समारंभात सन्मानचिन्हावर नावाआधी 'डॉ.' कोरलेलं निघालं. प्रेमानेच केलेली चूक होती. सर माईकजवळ गेले. "एवढं खोडून आणा, मग घेतो."

शिपाई सायकलवरून बाजारात पळाला. सर शांतपणे खुर्चीत बसून राहिले. प्रमुख पाहुणे घड्याळ बघत होते, चहा निवून गेला होता. पण सभागृहातून एकही माणूस उठला नाही.