तिसरी पिशवी

बोगुमिला स्तासियाकच्या हातात दोन कापडी पिशव्या असत, एक पांढरी आणि एक करडी. ग्निएझ्नोच्या कॅथेड्रलसमोर यात्रेची बस भरली की ती त्या पहिल्या रांगेकडे देई आणि त्या हातोहात मागपर्यंत जात. पांढरीत जिवंतांसाठीच्या चिठ्ठ्या पडत: शस्त्रक्रिया नीट होवो, नातीला मूल होवो, नवऱ्याची दारू सुटो. करडीत मृतांची नावे पडत. दुसऱ्या दिवशी यास्ना गुराच्या मठात, काळ्या मुखाच्या मातेच्या दारी, दोन्ही पिशव्या कचेरीच्या खिडकीत द्यायच्या. आत बसलेले ब्रदर प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारत, "जिवंत किती, मृत किती?" ती दोन आकडे सांगे. बावीस वर्षे, मे ते ऑक्टोबर, दर पंधरवड्याला हेच.

पूर्वी ती शाळेत भूगोल शिकवी. मुले कमी झाली, शाळा बंद पडली आणि धर्मप्रांताच्या यात्रा-कार्यालयाने तिला वाटाड्या म्हणून घेतले. काम तिने शिक्षिकेच्याच शिस्तीने केले. कोणत्या राजाने कोणत्या साली काय बांधले ते ती नेमके सांगे. ज्याला पुरावा नाही ते "असे म्हणतात" एवढे बजावल्याशिवाय सांगत नसे. कुणी चमत्काराची गोष्ट मागितली तर म्हणे, "मी दारं दाखवते. आत काय घडतं ते तुमचं तुम्ही बघा." लोकांना हे कोरडे वाटे, तरी पुढच्या वर्षी तेच लोक नाव नोंदवताना विचारत, "बोगुमिलाबाईच आहेत ना?"

तिचा खरा उपयोग प्रार्थनेत होता. आमच्या प्रार्थना दोन तुकड्यांत म्हटल्या जातात. पहिला धर्मगुरू म्हणतो, दुसरा जमाव. प्रवासाने शिणलेली पन्नास माणसे एका वेळी सुरुवात करत नाहीत. कुणी अडखळते, कुणी पेंगत असते. बोगुमिला दुसरा तुकडा अर्धा क्षण आधी उचले आणि सगळी बस तिच्या मागोमाग येई. बरोबर येणारे म्हातारे फादर अलोयझी म्हणत, "मी नुसता दोर सोडतो, घंटा ही बाई वाजवते."

दुपारी ती चिठ्ठ्या तपासायला बसे. चुकीच्या पिशवीत पडलेली चिठ्ठी ती कधी तशीच जाऊ देत नसे. विधवा बाया सवयीने नवऱ्याच्या प्रकृतीसाठी लिहून जात. बोगुमिला त्यांच्याजवळ जाऊन हलक्या आवाजात सांगे, "काकू, आता आरोग्यासाठी नाही, आत्म्याच्या शांतीसाठी," आणि समोर बसून नवी चिठ्ठी लिहून घेई. ज्याचे जे मागणे तेच व्हावे, देवाच्या दारीही खोटे बोलू नये, एवढाच तिचा नियम होता.

सकाळी पिशव्या मागून परत आल्या की सर्वांत शेवटी ती स्वतःची चिठ्ठी पांढऱ्या पिशवीत टाकी. "सेवेरिनसाठी. त्याने कळवावे." ड्रायव्हर गेरार्द तोवर इंजिन सुरू करत नसे. आरशातून बघत ओरडे, "बाई, टाका एकदाची. तुमची पडल्याशिवाय माझी गाडी हलत नाही."

सेवेरिन तिचा एकुलता एक मुलगा. तेविसाव्या वर्षी नॉर्वेला मासळीच्या कारखान्यात गेला. दोन वर्षे दर रविवारी फोन आला, मग महिन्याने, मग सणाला. मग तो कारखाना सोडून उत्तरेकडे गेल्याचे कळले, आणि फोन लागेनासा झाला. चौदा वर्षांपूर्वीची ही गोष्ट. पोलिसांनी सांगितले की सज्ञान माणसाला स्वतःचा पत्ता न देण्याचा अधिकार असतो. या वाक्यात आशाही होती आणि अपमानही. बोगुमिलाने आशा ठेवून घेतली आणि अपमान नवऱ्याच्या वाट्याला गेला.

नवरा रिशार्द रेल्वेत सिग्नल सांभाळून निवृत्त झालेला, फुप्फुसांनी थकलेला. दर एक नोव्हेंबरला, सर्व संतांच्या दिवशी, सगळे गाव कबरस्तानात लोटते. प्रत्येकाला दिवा लावायला आपला एक दगड असतो. रिशार्दकडे आईबापांचा दगड होता, मुलाचा नव्हता. दिवा घेऊन तो नुसता उभा राही.

त्या वर्षी, हंगामाच्या शेवटच्या यात्रेच्या आदल्या दिवशी, त्याने स्वयंपाकघरात भांडी पुसता पुसता सांगितले, "मी त्याचं नाव दिलंय."

"कुठे?"

"चर्चमध्ये. यादीत."

नोव्हेंबरच्या पहिल्या दिवशी कबरस्तानात गावच्या मृतांची यादी मोठ्याने वाचतात. ऑक्टोबरात छापील कागद मिळतो. त्यावर घरोघरची नावे लिहून देतात. बोगुमिलाने हातातली थाळी खाली ठेवली.

"तुला कुणी सांगितलं तो मेला म्हणून?"

"तो जिवंत आहे हे तुला कुणी सांगितलं?" रिशार्दला दम लागला. तो खुर्चीवर बसला. "बोगुश्या, मला पुढचा नोव्हेंबर दिसेल की नाही ठाऊक नाही. एकदा तरी त्याचं नाव कुणाच्या तरी तोंडून ऐकू दे. तू घरात घेत नाहीस, मला घेऊ देत नाहीस."

"मी नाव काढून टाकीन."

"काढ. आणि मग मला सांग, मी त्याला कुठे ठेवू?"

तिने नाव काढले नाही. मुलाला ठेवायला दुसरी जागा दाखवता येत नसताना नवऱ्याचा हात धरणे तिला न्याय्य वाटले नाही. तिने एकच ठरवले आणि नवऱ्याला सांगितले: ती कबरस्तानात येईल, त्याच्या शेजारी उभी राहील, पण सेवेरिनचे नाव आले की तोंड उघडणार नाही. सगळे गाव त्याच्या आत्म्याला शांती मागू दे. निदान आईने तरी मागितलेली नसेल. रिशार्द म्हणाला, "एवढं चालेल मला."

त्या शेवटच्या यात्रेत मी, त्यांच्याच गावचा, मागच्या रांगेत होतो, म्हणून पुढचे मला प्रत्यक्ष ठाऊक आहे.

यास्ना गुरा ज्या शहरात आहे त्या चेंस्तोखोवाच्या रस्त्यावर, ढोबळ्या मिरचीचे सूप आणि ब्रेड खाऊन झाल्यावर, बोगुमिला चिठ्ठ्या घेऊन बसली. पांढऱ्या पिशवीतली एक चिठ्ठी तिने बाजूला काढली आणि पेलागिया आजींच्या आसनाशी आली. आजी ऐंशीच्या घरातल्या, जिभेने तिखट. त्यांचा नातू वसंतात वारला होता. सगळ्या बसला ते ठाऊक होते.

"आजी, तुम्ही लिहिलंय, 'मातेयुशचा ताप उतरो.'"

आजींनी चिठ्ठी डोळ्यांजवळ धरली. "अगं बाई. हात आपोआप चालला. सहा वर्षं हेच लिहीत आले ना."

"दुसरी लिहू या?"

"लिहू या काय, तूच लिही. माझे डोळे काय कामाचे." मग बोगुमिला लिहीत असता त्या म्हणाल्या, "एका अर्थी बरं वाटतं गं. तापाची काळजी नाही आता. कुठे आहे ते ठाऊक आहे. तिसऱ्या ओळीत, पाण्याच्या नळाजवळ. शेजारी माझीही जागा घेऊन ठेवलीय, म्हणजे पोरगं एकटं पडायला नको."

बोगुमिलाने चिठ्ठी करड्या पिशवीत टाकली. आजींनी तिचे मनगट धरून ठेवले.

"आणि तुझी? तुझी चिठ्ठी कोण तपासतं?"

"माझी नेहमीची आहे, आजी."

"नेहमीची म्हणूनच विचारते. मीही नेहमीचीच लिहिली होती."

पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी तोंड फिरवले. गेरार्दने मान वळवून विचारले, "काय झालं बाई, थांबू का?" ती म्हणाली, "काही नाही. चालव."

दुसऱ्या दिवशी यास्ना गुरावर पोहोचलो तेव्हा तुताऱ्या सुरू झाल्या होत्या. मातेच्या प्रतिमेवरचा रुपेरी पडदा सावकाश वर जात होता आणि माणसे गुडघ्यांवर येत होती. बोगुमिला दर खेपेला वेदीमागच्या अरुंद वाटेने गुडघ्यांवर प्रदक्षिणा घाली. दगडांत माणसांच्या गुडघ्यांनी खोलगट पन्हळ पडली आहे. या वेळी ती खांबाशी उभीच राहिली. सगळे आटोपल्यावर ती कचेरीच्या खिडकीशी गेली. मी तिच्या मागेच होतो, कारण मलाही एका नावाने मिस्सा, म्हणजे वेदीवरची प्रार्थना, सांगायची होती.

"जिवंत किती, मृत किती?" ब्रदरनी विचारले.

तिने दोन्ही पिशव्या ठेवल्या. स्वतःची चिठ्ठी मात्र पांढरीतून काढून हातात घेतली होती. "ब्रदर, ज्याचं माहीत नाही त्याचं काय करता?"

"म्हणजे कसं?"

"आहे की नाही, हेच माहीत नाही."

ब्रदर तरुण होते, दयाळू होते, आणि त्यांच्यापुढे दोनच खोकी होती. त्यांनी दोन्हींकडे पाहिले. "ताई, देवाला माहीत असतं. तुम्ही कुठल्याही एकात टाका."

माझ्या मते त्या उत्तरात काही खोट नव्हती. दोष असलाच तर रचनेचा होता. चर्चने माणसे दोन राशींत वाटली आहेत, शासनानेही. घरातून निघून जो कुठेच पोहोचला नाही, त्याच्यासाठी आपण ना प्रार्थना घडवली, ना दगड. त्याचे सगळे ओझे एका बाईच्या हट्टावर ठेवले आणि तो हट्ट चौदा वर्षे दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करण्यात झिजवला. बोगुमिलाने चिठ्ठी जिवंतांच्या खोक्यात टाकली. मागे वळली तेव्हा तिचा चेहरा खोटी सही करून आलेल्या माणसासारखा होता.

पुढचे दोन दिवस क्राकूव्ह आणि काल्वारिया. तिने सगळे नीट दाखवले. एकही साल चुकले नाही.

एक नोव्हेंबरला दुपारी आमच्या कबरस्तानात पाय ठेवायला जागा नव्हती. शेवंतीच्या कुंड्या, काचेतले दिवे, ओल्या कोटांचा वास. कर्ण्यातून फादर अलोयझींचा आवाज येत होता. रिशार्द आईबापांच्या दगडाला टेकून उभा, हातात एक दिवा जास्तीचा. बोगुमिलाने त्याच्या दंडात हात घातला होता. ओठ तिने असे मिटले होते की ते पांढरे पडले होते.

फादर घराघरांची नावे वाचत. प्रत्येक घरानंतर ते पहिला तुकडा म्हणत, "हे प्रभो, त्यांना चिरंतन विश्रांती दे," आणि जमाव दुसरा म्हणे. सोबोलेव्स्की झाले, स्पिखाला झाले. जमाव विखुरलेला, थंडीने गारठलेला. उत्तर दर वेळी फाटके येत होते. कर्ण्यात फादर खोकले. मग म्हणाले, "स्तासियाक घराणे. फ्रान्चिशेक. मारियान्ना. सेवेरिन."

रिशार्दचे डोळे मिटले.

"हे प्रभो, त्यांना चिरंतन विश्रांती दे."

तेवढ्यात जमाव नेहमीप्रमाणे अडखळला. एक पोकळी पडली, अर्ध्या क्षणाची. आणि त्या पोकळीत, सगळ्यांच्या आधी, स्पष्ट, उंच, ओळखीचा आवाज उठला:

"आणि अक्षय प्रकाश त्यांच्यावर पडो."

सगळे कबरस्तान तिच्या मागोमाग आले. दिवसभरात एवढे एकसंध उत्तर दुसऱ्या कुठल्याच घराला मिळाले नव्हते.

तिने तोंडावर हात दाबला, पण तोवर वाक्य संपले होते. रिशार्दला वाटले, तिने अखेर त्याच्यासाठी हे केले. त्याने तिचा हात तोंडावरून काढून स्वतःच्या हातात घेतला आणि म्हणाला, "देव तुझं भलं करो, बोगुश्या." सवयीने जीभ चालली, हे त्याला सांगणे तिला जमले नाही. तिने जास्तीचा दिवा त्याच्याकडून घेतला, आणि कुठे ठेवायचा ते न कळून सासूसासऱ्यांच्या दगडाच्या कडेला ठेवला. वाऱ्याने तो दोनदा विझला. तिसऱ्यांदा रिशार्दने पेटवला.

रिशार्द फेब्रुवारीत गेला. दगडावर त्याचे नाव कोरायला कारागीर आला, तेव्हा त्याने विचारले, खाली आणखी एका नावाची जागा सोडू का? ती म्हणाली, "माझ्यासाठी सोडा." कारागिराने विचारले, फक्त एका? ती म्हणाली, "मला ठाऊक नाही."

मे महिन्यात पहिली यात्रा निघाली. ग्निएझ्नोच्या कॅथेड्रलसमोर पिशव्या मागपर्यंत जाऊन परत आल्या. गेरार्दने पांढरी पिशवी तिच्यापुढे उघडी धरली आणि नेहमीच्या सुरात म्हणाला, "टाका बाई, माझी गाडी खोळंबलीय."

तिने आपली चिठ्ठी न टाकताच पिशवीची नाडी ओढून गाठ मारली.

"करडी देऊ?" त्याने हळूच विचारले.

"नको." ती मायक्रोफोन हातात घेऊन आपल्या जागी बसली. "गाडी काढ, गेरार्द. फादर, सुरू करा."

फादर अलोयझींनी पहिला तुकडा म्हटला. बस वाट बघत राहिली. मायक्रोफोन तिच्या ओठांपाशी होता, पण कबरस्तानात तिला न विचारता बोलून गेलेले तोंड तिने या वेळी उघडले नाही. थोड्या वेळाने मागच्या रांगांतून कुणीतरी सुरुवात केली, मग आणखी कुणी, आणि उत्तर वेडेवाकडे, तुकड्यातुकड्यांनी पुढपर्यंत आले.